ते बाई कुठं गेली?

कुंताबाई लग्न होऊन सानगडीला आली तेव्हा तिच्या गळ्यात आधी मंगळसूत्र पडलं आणि त्याच्या मागोमाग सवत पडली. सवत चांदीची होती, चिंचोक्याएवढी. टिकारामची पहिली बायको देवका वर्षभरापूर्वी घरामागच्या सांदवाडीतल्या विहिरीत पाय घसरून गेली, असं सगळं गाव सांगत असे. बिजवराच्या घरात येणाऱ्या मुलीनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा ही रीत. सासूनं, रंभाबाईनं, काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक नव्या सुनेच्या गळ्यात बांधला. बांधताना म्हातारीची गाठ पुन्हा पुन्हा सुटली.

"हे तुही मोठी बहीण," रंभाबाई म्हणाली. "घरात काही बी नवं आलं का आधी इले दाखवाचं, मंग आपुन घ्याचं. पह्यला घास इचा. समजलं?"

"समजलं जी, आत्याबाई."

हे एकाहत्तर सालचं. कुंता आंबागडची. बाप जंगलकामावर जायचा, घरात चार पोरी. "बिजवर असला तं काय झालं, घरचं धान आहे, घरची विहीर आहे," असं म्हणून त्यानं लग्न ठरवलं होतं. विहिरीचं तर फारच कौतुकानं सांगितलं होतं.

टिकाराम दिसायला गरीब. गावात कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. त्याचा सगळा पराक्रम उंबऱ्याच्या आत. लाखोळीच्या वरणात मीठ जास्त पडलं म्हणून लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्यानं कुंताला पळीनं मारलं. ती धानाच्या कोठीवर जाऊन आदळली. ओठ फुटला. पडता पडता तिनं गळ्यातला टाक मुठीत धरला, आणि त्याच क्षणी आतल्या खोलीत पाण्याचा पितळेचा गुंड धाडकन खाली आला आणि गडगडत उंबऱ्यापर्यंत आला.

टिकारामच्या हातातली पळी गळून पडली. "देवका!" तो पुटपुटला आणि चपला न घालता बाहेर पडला तो अंधार पडल्यावरच परतला.

कुंतानं आत पाहिलं. फळीवर मांजर बसलं होतं. मांजरानं कुंताकडे पाहिलं, कुंतानं मांजराकडे पाहिलं. दोघींनीही ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

पण सुटकेची वाट एकदा सापडली की माणूस ती विसरत नाही. पुढच्या खेपेला टिकारामनं तिचे केस धरले, तेव्हा तिनं रात्र जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवून बाजेवर आडवा झाला. उन्हाळ्याचे दिवस. कुंतानं विहिरीतून बादली काढली, दोन्ही पायांवर ओतली, आणि मागच्या दारानं सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं उमटवत थेट त्याच्या बाजेपर्यंत गेली. तिथं पदरानं पाय कोरडे केले आणि पुढच्या ओसरीच्या, म्हणजे सपरीच्या दारानं बाहेर पडून कुंपणापाशी शेण थापायला बसली. पावलं विहिरीवरून आत आलेली. परत गेलेली नाहीत.

थोड्या वेळानं टिकारामची किंकाळी आली. चार माणसं जमेपर्यंत पावलं सुकून गेली होती. एप्रिलमधली भंडारा जिल्ह्यातली दुपार, तिथं घागर सांडली तरी सुकते.

"मी सांगतो, आली होती! ओली होती!" टिकाराम सांगत होता.

"काही खाल्लं-प्यालं होतं का बुवा?" कुणीतरी विचारलं.

रंभाबाई सपरीत डाळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. ती नेहमीच विहिरीकडे पाठ करून बसायची. एवढंच म्हणाली, "सून रडली का मोठीले सहन होत नाही. मी तं आधीच सांगतलं होतं."

टिकारामला हिशेब समजला. हात उचलला की देवका येते. त्याचा हात वर जायचा आणि अर्ध्यातच डोकं खाजवायला वळायचा. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी विसर पडला, तर कुंता पायांवर बादली ओतायची. पुष्पा जन्मली, मुलगीच झाली म्हणून तोंडं वाकडी झाली, तरी बाळंतिणीला कुणी बोट लावलं नाही.

कुंपणापलीकडे सुमनबाई राहायची, बालवाडीत शिकवायची. तिच्या नजरेतून काय सुटणार? एकदा तिनं कुंताचे नुकतेच पुसलेले पाय आणि ओला पदर एकदमच पाहिला.

"कुंताबाई, भुताच्या भरोशावर किती दिवस काढसान?"

"तुमच्या घरी नाही का भूत?"

"आमच्या घरून छप्पन सालीच, दीक्षा घेतली तवा, देव गेले, न त्याइच्या मांगं भुतं बी गेली."

"मंग तुमचा मालक हात उचलते तवा तुमी काय करता?"

"उचलून तं पाहावं त्यानं!" सुमनबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण कुंताला त्या रात्री झोप लागली नाही. उचलून तं पाहावं. असं म्हणायला अंगात काय लागतं, हे तिला समजेना.

धान निघालं की बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीज यायची. तंबू, समोर पांढरा पडदा, मधे दोर बांधलेला. दोराच्या इकडे बाया, तिकडे माणसं. कुंता पोरीला मांडीवर घेऊन बसायची आणि पडदा उजळला की गळ्यातला टाक काढून पदरावर ठेवायची. नवी गोष्ट आधी मोठीला दाखवायची, तर पिक्चर का नाही?

त्यातला एक पिक्चर तिच्या मनात घर करून बसला. जुनी हवेली, आणि मेणबत्ती घेऊन फिरणारी पांढऱ्या साडीतली बाई. ठाकुरानं आपल्या पहिल्या बायकोला मारून भिंतीत गाडलेलं, ती आता गाणं म्हणत फिरते. ठाकूर घामाघूम होतो. कुंता पुढे सरकून सरकून दोराला जाऊन टेकली. बायांच्या बाजूनं कुणी तोंडात पदर घातलेला, कुणी डोळे पुसते. आता ही त्याला धरणार. आता धरणार.

तेवढ्यात पोलिसांची जीप आली. इन्स्पेक्टरनं त्या बाईच्या डोक्यावर हात घातला, केस ओढले, आणि हातात टोप आला. खाली मिशीवाला मुनीम. हवेलीच्या तळघरात चोरीचं सोनं होतं, म्हणून लोकांना भेववत होता. माणसांच्या बाजूनं शिट्ट्या झाल्या. हिरो-हिरोइन गाडीत बसून गेले. ठाकूर हात जोडून उभा, त्याचं सगळं माफ.

बाया पोरं उचलू लागल्या. मग कुंताचा आवाज आला, "मंग ते बाई कुठं गेली?"

"कोनती वो?" शेजारची विमलाबाई म्हणाली.

"ज्या बाईले भितीत गाडलं ते! हा मुनीम तं मुनीम. पर तिले गाडलं ते खरं होतं ना? तिचं काय झालं?"

"अवो, उठ. घरी भात कराचा आहे."

कुंता उठली, पण वाटभर तिचं मनात एकच चाललं होतं. तीन तास एका बाईसाठी जीव टांगून ठेवायचा आणि शेवटी म्हणायचं, बाई नव्हतीच, मिशीवाला होता. ही कुठली रीत?

पुढं दरसाल हेच. कधी काका निघायचा, कधी डॉक्टर, कधी बंगल्याचा माळी. बाया मध्यंतरातच सांगून टाकायच्या, "पान खाते तो. तोच." आणि तोच निघायचा. कुंता दर वेळी उठून तेच विचारायची. बाया म्हणू लागल्या, "चला, कुंताबाईनं विचारलं. आता संपली पिक्चर."

टिकाराम मात्र घरी जाताना हसत असायचा. "सारा बनाव असते. भूत-बित काही नसते." मग सांदवाडीजवळ आला की आवाज खाली. "म्हंजे पिक्चरमधी. घरचं येगळं."

मधे एकदा वेगळंच झालं. कुंता भावाच्या लग्नाला आंबागडला गेली आणि चार दिवस जास्त राहिली. टिकारामनं इकडे सपरीत उभं राहून जाहीर केलं, "उद्या जातो न झिंज्या धरून आनतो." दुसऱ्या दिवशी तो आंबागडला आला खरा, पण हातात मुरमुऱ्याची पिशवी, तोंडचं पाणी पळालेलं. एका कोपऱ्यात गाठून त्यानं कुंताला सांगितलं, "काल दुपारी आली होती. बाजेपर्यंत. ओली."

कुंताच्या अंगावर काटा आला. ती तर इथं होती.

त्या दिवसापासून पहिला घास काढताना तिचा हात खरोखर थांबू लागला. मोठी आहे म्हणजे. विहिरीवर एकटी असली की ती हळूच बोलायची. "बाई, तुहं काम मी करून राहिली होती, राग नको मानू. तुले पोहोचाले उशीर झाला, एवढंच." बारा वर्षांच्या संसारात कुंताबाईला बहीण मिळाली ती अशी.

चौऱ्याऐंशी साली सानगडीत व्हिडिओ आला. बंद पडलेल्या धानगिरणीच्या शेडमध्ये बाबुलाल नावाच्या माणसानं काळे पडदे लावले, तंबूतल्यासारखा मधे दोर बांधला, टीव्ही मांडला आणि भरदुपारी खेळ सुरू केले. टिकाराम आणि त्याचे तीन-चार दोस्त तिथंच पडून असत. भुताचा पिक्चर तर एकही सोडला नाही.

एका बाजारच्या दिवशी कुंताही गेली. टाक पदरावर काढून ठेवला. बंगला, पाऊस, तळ्यात बुडून मेलेली सून. आणि मग पडद्यावर फरशीवरून ओली पावलं चालत आली. एकेक, एकेक. बाया एकमेकींना बिलगल्या. कुंतानं टाक पदराखाली झाकला.

शेवटी अर्थातच पान खाणारा काका निघाला. त्याच्या खोलीत लाकडाचे दोन पाय सापडले, काठ्यांना ठोकलेले. पाण्यात बुडवायचे आणि जमिनीवर टेकवत जायचं. हिरोनं सगळ्यांना करून दाखवलं. माणसं खिदळली.

एक माणूस खिदळला नाही. दोराच्या पलीकडून टिकारामनं मान वळवली आणि कुंताच्या पायांकडे पाहिलं. लहानपणापासून कुंताच्या उजव्या पायाचं एक बोट शेजारच्या बोटावर चढलेलं होतं. भ्यालेला माणूस पावलं पाहतो, बोटं पाहत नाही. आता तो बोटं आठवत होता. कुंतानं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. त्या दिवशी तिनं तिचा प्रश्न विचारला नाही, आणि बायांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

घरी येऊन तो जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी हातात घेतली, एक घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि कारण नसताना कुंताच्या थोबाडीत मारली. पुष्पा दारात उभी होती. "चहा थंडा आहे," तो म्हणाला. चहातून वाफ निघत होती.

दुपारी तो जेवला, बाजेवर पडला, डोळे मिटले. घोरू लागला. टिकाराम झोपेत कधी घोरत नसे.

कुंता विहिरीवर उभी होती. मागच्या उघड्या दारातून सपरीच्या भिंतीआड चार जोडी चपला तिला दिसत होत्या. त्याचे दोस्त. म्हणजे पिक्चर लावला होता. गेली नाही, तर देवका आजपासून संपली आणि उद्यापासून रोज थंडा चहा. गेली, तर सापडली. गालावरची बोटं अजून जळत होती. पुष्पा मघापासून आईकडे बघत होती, आणि त्या बघण्यात उद्याची एक बाई होती.

कुंतानं बादली काढली. रोजच्यासारखी पावलांवर नाही ओतली, गुडघ्यापासून ओतली. लुगडं निथळू लागलं. आणि चोरपावलांनी नाही, धप धप पाय आपटत ती मागच्या दारानं आत शिरली.

टिकारामनं उडी मारून तिचा दंड धरला. "सापडला! सापडला मुनीम! या रे, या! पाहा इचे पाय!"

चौघे आत आले. हसू आवरत नव्हतं त्यांना. यादोराव नावाचा त्यातला एक म्हणाला, "वयनीनं तं बाप्पा फसोलं!" टिकारामनं कोपऱ्यातली तुतारी उचलली. बैलाला टोचायची, टोकाला खिळा असलेली काठी.

"बारा वर्सं!" तो ओरडला. "बारा वर्सं मले भेववलं!"

कुंतानं दंड सोडवून घेतला नाही. "हो. मीच होती. पाहा, नीट पाहा पाय. तुमी मारलं का मी येत होती. आता माह्या डोक्यावरचा टोप काढून झाला ना? मंग सांगा."

"काय सांगू?"

"ते बाई कुठं गेली?"

दोस्तांचं हसू थांबलं. हा प्रश्न सगळ्या गावानं शंभर वेळा ऐकला होता, पण तंबूत.

टिकारामनं काठी वर केली, आणि मग त्याला काहीतरी आठवलं. काठी तशीच राहिली. "पर त्या दिवशी… आंबागडले होती तू. मंग तवा कोन आलं होतं?"

कुंताच्या मनात एकदम उजेड पडला. हो, मोठी आहेच की! तिनं टाक मुठीत धरला. तेवढ्यात सपरीतून आवाज आला.

"मी."

रंभाबाई भिंतीला धरून उठत होती. मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. दारात आली आणि भेगाळलेले पाय तिनं पुढे केले.

"माहे पाय पाह. पह्यल्या दिवसापासून मले माहीत होतं का सून करून राहिली. मी का झोपली होती? सून माहेरी गेली न तू झिंज्या धराची गोठ केली, मंग म्या ओतलं पाणी. बस?"

"माय, तू काहून…"

"काहून?" म्हातारीचा आवाज चिरकला. "त्या दिवशी तू देवकाले मारत मारत विहिरीवर नेलं. तिनं दार ठोठावलं. 'आत्याबाई, दार उघडा' म्हणे. म्या आतून कडी लावून घेतली. नवराबायकोत कायले पडाचं म्हणून. तुनं ढकललं का तिनं उडी घेतली, मले ठाऊक नाही. कडी मी लावली होती, ते ठाऊक आहे. पाय घसरला म्हणून गावाले सांगतलं, ते बी म्याच."

यादोरावानं हळूच चपला शोधायला सुरुवात केली. बाकीचे त्याच्या आधीच अंगणात पोचले होते. कुंपणाजवळ सुमनबाई केव्हाची उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि ऐकल्याचं लपवत नव्हती.

कुंताला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मोठी कधी आलीच नव्हती. ती आंबागडला असतानाची दुपार म्हातारीची होती. बहीण बहीण म्हणून जिच्याशी विहिरीवर बोलली, ती ऐकत नव्हतीच. शेवटी हाही पिक्चर तसलाच निघाला. 

मग तिनं मुठीतल्या टाकाकडे पाहिलं आणि टिकारामच्या हातातली तुतारी ओढून घेतली. त्यानं ती धरूनसुद्धा ठेवली नव्हती.

"आता भूत नाही घरात," ती म्हणाली. "मी आहे. आत्याबाई आहे. कुंपणावर सुमनबाई आहे. हात उचला न पाहा. रातच्या रात सारं बाजारात सांगीन, तुमचं नाव घेऊन, देवकाबाईचं नाव घेऊन. न देवकाबाईसारखी विहिरीवरून दार ठोठावाची पाळी माह्यावर येनार नाही. विहिरीवर तुमी जासान."

टिकाराम बाजेवर बसला. बसला तो जमिनीकडेच पाहत राहिला. कुंता वळली आणि ज्या दारानं आली होती त्याच दारानं विहिरीकडे निघाली. लुगडं अजून निथळत होतं. त्या घरात पहिल्यांदाच परत जाणारी पावलं उमटली.

गावात बातमी पसरायला संध्याकाळही लागली नाही. यादोरावाचं तोंड कोण बांधणार? पोलीस काही आले नाहीत, इतक्या वर्षांनी कोण येतं. पण टिकाराम बाजारातून जाऊ लागला की बाया बोलायच्या थांबायच्या आणि तो पुढे गेला की पुन्हा सुरू व्हायच्या. त्यानं आपली बाज शेतावरच्या झोपडीत नेली. घरी जेवायला यायचा, ताट समोर येईल ते खायचा. मिठाबद्दल बोलायचा नाही. अक्षय तृतीयेला कुंतानं देवकाच्या नावानं पान वाढलं आणि ते उचलायला टिकारामलाच लावलं.

व्हिडिओ पाहायला कुंतानं एक दिवस रंभाबाईला नेलं. म्हातारीनं जन्मात पिक्चर पाहिला नव्हता. कुंतानं टाक पदरावर काढला, म्हातारीनं तो आपल्या हातानं सरळ केला, तोंड टीव्हीकडे करून. पडद्यावर पडकी कोठी, पैंजण, रडणारी सवाष्ण. मारून टाकलेली. शेवटी टोप निघाला आणि चष्मेवाला वकील बाहेर आला.

"अव माय," रंभाबाई मोठ्यानं म्हणाली. तिला हळू बोलायचं असतं हे ठाऊक नव्हतं. "याले तं चालता बी येत नाही धड बाईसारखं. याले कोन भेलं?"

बाया हसल्या. बाबुलालनं पडदे बाजूला केले, दुपारचं ऊन आत आलं. माणसं उठली, धोतरं झटकली. बायांच्या बाजूनं मात्र कुणी उठेना. सगळ्या कुंताकडे बघत होत्या.  पण या खेपेला कुंता सासूकडे बघत होती.

"का रे बाप्पा," रंभाबाईनं बाबुलालला विचारलं, "ते बाई कुठं गेली?"

"कोनती, आजी?"

"मेली ते."

"आजी, पिक्चर संपली. उठा आता, दुसरा खेळ लावाचा आहे."

रंभाबाईनं मांडी घट्ट घातली. सुनेनं तिच्या शेजारी मांडी घातली. मागून विमलाबाईनं घातली, तिच्यामागून सुमनबाईनं.

"नाही उठत," म्हातारी म्हणाली. "तू सांग आधी."